कोशलेखनाचा शिष्टाचार : बीदर-कलबुर्गीच्या निमित्ताने

१

मराठीत कोशवाङ्मयाची परंपरा मोठी आहे. कोशवाङ्मयाच्या समीक्षेची परंपरा मात्र नाही. कथा, कविता, नाटक यांवर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. कोश हा अडल्या वेळी उघडावयाचा ग्रंथ. त्यातील माहिती बरोबर की चूक एवढे पाहिले म्हणजे झाले, वाङ्मय म्हणून त्याचा विचार तो काय करावयाचा, अशी आपली समजूत झालेली दिसते. ही समजूत आम्हांस मान्य नाही. कोशातील नोंद हा एक स्वतंत्र आणि अवघड लेखनप्रकार आहे. थोडक्यात सांगावयाचे, सांगताना कोणाची बाजू घ्यावयाची नाही आणि जे सांगितले त्याला आधार दाखवावयाचा, ही या प्रकाराची तीन बंधने होत. ती पाळताना शब्द किती जपून टाकावा लागतो, हे ज्याने एकदा तरी नोंद लिहून पाहिली आहे त्यालाच कळेल.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० ते १९२९ या काळात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड सिद्ध केले. त्यासाठी मंडळी स्थापून लोकांना भाग विकले आणि स्वतः पदरमोड केली. या कोशाच्या नावातच ‘महाराष्ट्रीय’ हे विशेषण आहे. आपण कोठे उभे राहून जगाकडे पाहतो, हे केतकरांनी लपविले नाही. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला; त्यातील नोंदींखाली लेखकाचे नाव असते. तिसरा टप्पा आपल्या डोळ्यांदेखत घडला. आंतरजालावरील विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश इंग्रजीत २००१ साली सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, म्हणजे नेमका महाराष्ट्रदिनी झाला, आणि पुढच्याच महिन्यात कन्नड विकिपीडिया सुरू झाला.

केतकरांच्या कोशाची जबाबदारी केतकरांवर होती. विश्वकोशाची जबाबदारी संपादक मंडळावर आणि नोंदीखाली सही करणाऱ्या लेखकावर होती. विकिपीडियाच्या नोंदीखाली सही नसते. एकाने लिहिलेले दुसरा बदलतो, दुसऱ्याने बदललेले तिसरा पूर्ववत करतो, आणि या साऱ्या घडामोडींची बखर नोंदीमागील ‘इतिहास’ या पानावर राहते. एकट्याने लिहिलेल्या ग्रंथाचे परीक्षण करताना लेखकाच्या वागणुकीची चौकशी आपण करीत नाही. येथे ती केल्यावाचून गत्यंतर नाही. कारण या कोशातील लेखक एकमेकांशी जसे वागतील तशी नोंद घडते. शिष्टाचार हा येथे सभ्यतेपुरता विषय राहत नाही. तो वाङ्मयाचा विषय होतो.

हा विचार आम्ही कर्नाटकातील बीदर आणि कलबुर्गी या दोन सीमावर्ती जिल्ह्यांना धरून करणार आहोत. जेथे प्रदेशाच्या ओळखीविषयी वाद नाही, तेथे कोशलेखकाच्या शिष्टाचाराची कसोटी लागत नाही. ती लागते ती अशा ठिकाणी.

२

बीदर हा हैदराबाद संस्थानातला जिल्हा. संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात सामील झाले. १९५५ साली राज्यपुनर्रचना आयोगाने बीदर जिल्हा तेलंगणासह हैदराबाद राज्यातच ठेवावा, अशी शिफारस केली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रत्यक्षात झाले ते वेगळेच. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात म्हणजे पुढे महाराष्ट्रात आले; जहीराबाद, नारायणखेड हा भाग आंध्र प्रदेशाकडे गेला; बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात राहिला. एका जिल्ह्याचे तीन राज्यांत तीन तुकडे झाले. सोयरिकी, बाजार आणि यात्रा यांच्या वाटा मात्र पूर्वीच्याच राहिल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीत बेळगाव, कारवार, निपाणी यांच्या जोडीने बीदर आणि भालकी ही नावे आली ती या पार्श्वभूमीवर. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला. महाराष्ट्राने तो मान्य केला नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अद्याप निकालात निघालेला नाही.

न्यायालयात जो वाद गावे आणि तालुके यांचा असतो, तोच कोशात पहिल्या ओळीचा होतो. नोंदीच्या शीर्षकात कोणते नाव घालावयाचे? पहिल्या वाक्यात कोणत्या भाषेतले नाव आधी द्यावयाचे? कर्नाटक शासनाने १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे नाव कलबुरगी केले. कन्नड माणसाच्या दृष्टीने हे नामांतर नव्हतेच. त्याच्या तोंडात ते नाव पूर्वीपासून होते. फारसी वळणाच्या ‘गुलबर्गा’ या रूपात फूल आणि पान पाहणारी व्युत्पत्ती सांगितली जाते, तर कन्नड रूपात दगड पाहणारी. बहामनी राजवटीत हेच शहर ‘अहसनाबाद’ होते. बीदरची कथाही अशीच आहे. कन्नड अभ्यासक ते नाव ‘बिदिरु’ म्हणजे बांबू या शब्दावरून लावतात. स्थानिक आख्यायिका त्याला विदुराची नगरी म्हणते. कोणी त्याचा संबंध विदर्भाशी जोडून पाहिला. जुन्या मराठी ग्रंथांत ते ‘बेदर’ आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंताची रसद भरण्यासाठी विठोबा महाराच्या वेषाने जेथे गेला ते बेदर, एवढी ओळख महाराष्ट्रातल्या अक्षरशत्रू म्हातारीलाही होती.

यांपैकी कोणते नाव खरे, हा प्रश्नच कोशाच्या दृष्टीने चुकीचा आहे. सगळी नावे खरी आहेत. प्रत्येक नाव कोणाचे, केव्हाचे आणि कोणत्या लेखनातले एवढे सांगितले की कोशलेखकाचे काम संपते. शिवाय या कोशात पुनर्निर्देशनाची सोय आहे. वाचकाने गुलबर्गा म्हणून शोधले काय आणि कलबुरगी म्हणून शोधले काय, तो एकाच नोंदीपाशी पोहोचू शकतो. तरीही शीर्षकासाठी झगडा होतो, कारण झगडणाऱ्याला वाचकाच्या सोयीपेक्षा पाटी महत्त्वाची वाटते. येथे आपणही आपल्याकडे पाहिले पाहिजे. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. ही नवी नावे कन्नड लेखकाने तत्काळ वापरावीत अशी अपेक्षा करणाऱ्या मराठी लेखकाने कलबुर्गीला मात्र हट्टाने गुलबर्गाच म्हणत राहावे, यात न्याय नाही. उलट, जुन्या मराठी लेखनातले ‘बेदर’ हे नाव आजच्या नोंदीतून पुसून टाकणे हाही अन्यायच होय.

अशा झगड्यांचा शेवट काय होतो, याचे एक उदाहरण आमच्या वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावे. इंग्रजी विकिपीडियावर भारतातील गावे, माणसे आणि ग्रंथ यांच्या नोंदींच्या आरंभी त्या त्या भारतीय लिपीत नाव देण्याची पद्धत होती. कोणत्या लिपीत द्यावयाचे, किती लिप्यांत द्यावयाचे, आधी कोणती आणि मग कोणती, यावरून सतत भांडणे होऊ लागली. अखेर २०१२ साली चर्चेअंती तेथील संपादकांनी असा दंडक घालून घेतला की, थोडे अपवाद सोडता, नोंदीच्या प्रारंभी भारतीय लिपी असूच नये. बीदरसारख्या गावाच्या पहिल्या ओळीत कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू यांपैकी कोणती अक्षरे आधी यावीत या वादाचा निकाल असा लागला, की एकही अक्षर येऊ नये. आपापल्या लिपीच्या अभिमानाने भांडणाऱ्यांनी मिळून सर्वांच्याच लिप्या दाराबाहेर काढल्या. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो असे म्हणतात. येथे तिसऱ्यालाही लाभ झाला नाही, वाचकाचे मात्र नुकसान झाले.

३

ज्या प्रदेशाच्या पहिल्या ओळीसाठी आपण भांडतो, त्या प्रदेशाने स्वतः काय लिहून ठेवले आहे हे पाहिले म्हणजे या भांडणाचा कोतेपणा ध्यानात येतो.

आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ मध्ये, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा ग्रंथ रचला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राज्यकारभारापासून हत्ती, पाकशास्त्र, संगीत आणि क्रीडा यांपर्यंत सर्व विषय. हा कोशच होय. ज्याच्या दरबारात कन्नडचा मान त्या राजाने संस्कृतात कोश लिहिला, आणि त्या कोशात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओव्या गातात हे टिपून ठेवले; मराठी गीतांचे नमुनेही त्यात आले. मराठी ओवीच्या जुन्या उल्लेखांतला हा एक महत्त्वाचा उल्लेख कल्याणीच्या राजवाड्यात झाला, हे मराठीच्या इतिहासकाराला विसरता येत नाही. तो कर्नाटकाचा ठेवा की महाराष्ट्राचा, असा प्रश्न विचारणाऱ्याने ग्रंथ वाचलेला नाही एवढेच म्हणावे लागते.

कलबुर्गी जिल्ह्यात, भीमा आणि अमरजा यांच्या संगमापाशी गाणगापूर आहे. मराठी घराघरांत पारायण होणाऱ्या ‘गुरुचरित्रा’चा नायक श्रीनृसिंहसरस्वती याचे ते स्थान. या ग्रंथाचा कर्ता सरस्वती गंगाधर आपल्याला महाराष्ट्र भाषा येत नाही असे सांगतो, आणि ग्रंथाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात कन्नड पदे घालतो. मराठी पारायण करणारा भाविक ती कन्नड पदे अर्थ न कळताही श्रद्धेने म्हणत आला आहे. भाषेच्या सीमेवरचा याहून सुंदर करार आम्हांस तरी ठाऊक नाही.

बेदरच्या राज्यातल्या नारायणपेठ येथे जन्मून अंबाजोगाईस स्थायिक झालेले दासोपंत, बहामनी घराण्यातला मानला जाणारा आणि ‘मृत्युंजय’ या नावाने मराठीत लिहिणारा शहा मुंतोजी, हुमनाबादजवळील माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५), ज्यांनी मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्ही भाषांत पदे केली, ही नावे एकाच सूत्राची साक्ष देतात. या भूमीत लेखक एका भाषेपुरता राहत नव्हता.

याचा अर्थ येथे सीमेची जाणीवच नव्हती, असा मात्र नाही. तसे म्हणणे हा गोडवा होईल, सत्य नव्हे. कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. तेथे नवव्या शतकात सिद्ध झालेला ‘कविराजमार्ग’ कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत असल्याचे सांगतो. इकडे चक्रधरांच्या सूत्रांत अनुयायांनी कानड देशी व तेलंग देशी जाऊ नये, महाराष्ट्रात असावे, अशी आज्ञा आहे. म्हणजे आपापल्या प्रदेशाचा अभिमान आणि त्याच्या सीमा या गोष्टी जुन्याच आहेत. कोशाने अभिमान पुसून टाकावा असे आमचे म्हणणे नाही. त्या अभिमानांची नोंद घ्यावी, त्यांपैकी एकाचा वकील होऊ नये, एवढेच आम्ही म्हणतो. बीदर आणि कलबुर्गी यांवरील चांगली नोंद ती, की जी वाचून कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू या चारही घरांतल्या वाचकाला आपले काही तीत आले आहे असे वाटेल, आणि आपल्याला ठाऊक नव्हते असेही काही तीत सापडेल.

४

अशी नोंद लिहिणार कोण? येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

मराठी विकिपीडियावर सदस्यांनी एकत्र बोलावयाच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात. कन्नड विकिपीडियावरच्या अशाच पानाचे नाव ‘अरळी कट्टे’, म्हणजे पिंपळाचा पार. दोन्ही नावे निवडणाऱ्यांच्या रसिकतेची साक्ष देणारी आहेत, परंतु त्यांतला फरकही पाहण्याजोगा आहे. पारावर कोणीही येऊन टेकतो. चावडीवर पाटील बसतो, कुळकर्ण्याचे दप्तर असते आणि नवा माणूस उभा असतो. नावावरून स्वभाव ठरत नाही हे खरे. तथापि नव्या लेखकाला या कोशात आल्यावर आपण पारावर आलो असे वाटते की चावडीवर बोलावणे आले असे वाटते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

या कोशाचे लिखित शिष्टाचार उत्तम आहेत. समोरच्याचा हेतू चांगला आहे असे गृहीत धरा. नवागताच्या अंगावर धावून जाऊ नका. लेखनावर बोला, लेखकावर बोलू नका. मतभेद झाला तर नोंदीच्या चर्चापानावर कारणे मांडा. इंग्रजी विकिपीडियावर असाही नियम आहे की, एकाच पानावर चोवीस तासांत तीनांहून अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन परतवू नये. नव्या लेखकाने हात बसविण्यासाठी जी जागा ठेवली आहे तिला मराठीत ‘धूळपाटी’ असे नाव आहे. धुळीवर अक्षरे गिरवून शिकलेल्या पिढ्यांची आठवण त्यात आहे. नियम करणाऱ्यांनी माणसाचा स्वभाव ओळखला होता, यात शंका नाही. अडचण नियमांत नाही. ती त्यांच्या अंमलात आहे.

समजा, भालकी तालुक्यातील एका मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आपल्या गावाविषयी लिहावयास बसले. मराठी ही त्यांची घरची भाषा, कन्नड ही कचेरीची, आणि वडिलांचे शिक्षण निजामी अमलात उर्दूतून झालेले, त्यामुळे ती भाषाही कानांवरून गेलेली. गावच्या जत्रेत कोणता मान कोणत्या घराकडे आहे, दर्ग्याच्या उरुसाला गलेफ कोणाकडून येतो, भजनात मराठी अभंगानंतर कन्नड वचन केव्हा म्हणतात, १९५६ पूर्वी गावचे लोक कोर्टकामासाठी कोठे जात, हे त्यांना ठाऊक आहे. आणि यांतले कोणत्याही ग्रंथात नाही. ते ‘आमचे गाव’ अशी सुरुवात करून दोन पाने लिहितात. तासाभरात ती दोन पाने नाहीशी होतात आणि ‘संदर्भ नाही’ एवढे दोन शब्द त्यांच्या वाट्याला येतात. त्यांना वाटते, आपल्याच हातून काही दाबले गेले. ते पुन्हा लिहितात, पुन्हा जाते. तिसऱ्यांदा लिहितात, तेव्हा ताकीद येते. चौथ्यांदा ते लिहीत नाहीत. पुढेही कधी लिहीत नाहीत.

त्याच दिवशी, भालकी न पाहिलेला एक तरुण दूरच्या शहरातून त्याच नोंदीत ‘कर्नाटक’ हा शब्द खोडून ‘कर्नाटकव्याप्त महाराष्ट्र’ असे घालतो. दुसरा तितक्याच दुरून मराठीचा उल्लेख असलेले वाक्यच काढून टाकतो. त्यांचेही लेखन परतविले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु पाहा, की दप्तरात हे तिघेही एकाच मापाने मोजले जातात : तीन नवागत, तीन नियमभंग. दोघांनी नोंदीला काही दिले नव्हते, तेव्हा त्यांच्या जाण्याने काही गेले नाही. एकाजवळ जे होते ते दुसऱ्या कोणाजवळ नव्हते. शिवाय ते दोघे पुन्हा येतील, कारण भांडण हेच त्यांचे काम. शिक्षक येणार नाहीत, कारण त्यांना भांडता येत नाही. म्हणजे नवागताशी केलेला रुक्षपणा भांडखोराला गाळून काढीत नाही. तो जाणकाराला गाळून काढतो.

आपल्याकडे पंगतीत नव्याने आलेल्या माणसाला आधी पान मांडून देतात, रीतभात मागाहून कळते. कोशातही हे अवघड नाही. शिक्षकांचा मजकूर नोंदीतून काढावा लागला तरी तो चर्चापानावर ठेवता आला असता. ‘संदर्भ नाही’ याऐवजी ‘हे कोठे छापलेले आहे का? देवस्थानाची पुस्तिका, शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक, जिल्ह्याचे गॅझेटिअर यांपैकी काही मिळेल का?’ असे विचारता आले असते. ‘आमचे’ हा शब्द काढून बाकीचे वाक्य ठेवता आले असते. यास पाच मिनिटे अधिक लागतात. फुकट आणि हौसेने काम करणाऱ्या प्रचालकांजवळ ती पाच मिनिटे नसतात, हे आम्ही जाणतो. मराठी विकिपीडियाचा भार वाहणारे हात थोडे आहेत, आणि खोडसाळ बदल रोज होत असतात. म्हणून आम्ही त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. हात थोडे आहेत याचे एक कारण, नवे हात दारातूनच परततात हे आहे, एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे.

यावर एक आक्षेप येईल. दार असे सैल ठेवले तर संघटित अभिमानी आत शिरतील आणि कोशाचा आखाडा होईल. आक्षेप गंभीर आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत इंग्रजी विकिपीडियावरील छत्रपती संभाजी महाराजांच्या नोंदीतील मजकुरावरून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदविला. त्या मजकुराच्या गुणावगुणांची चर्चा हे येथील प्रयोजन नव्हे. चर्चापानावर न मिटलेला वाद किती दूर जाऊ शकतो, एवढेच दाखवावयाचे आहे. वाद असा दूर गेला म्हणजे सर्वांत आधी भितो आणि लेखणी खाली ठेवतो तो घरदार असलेला, नाव असलेला, सरळ माणूस. ज्याला गमवावयाचे काही नाही तो टोपणनावाने टिकून राहतो. तेव्हा आखाड्याच्या भीतीने दार लावून घेणे हा उपाय नव्हे. आत अधिक संख्येने जाणकार असणे हाच आखाडा न होण्याचा उपाय आहे, आणि ते सौजन्यावाचून यावयाचे नाहीत.

आणखी एक सूक्ष्म दोष सांगितला पाहिजे. या कोशात माणूस दिसत नाही, नाव तेवढे दिसते. मग नावावरून पक्ष ठरविला जातो. सीमाभागात हा अंदाज हमखास फसतो. पाटील, कुलकर्णी, देशपांडे, बिरादार ही आडनावे भीमेच्या आणि मांजऱ्याच्या दोन्ही तीरांवर, दोन्ही भाषांत नांदतात. आडनावावरून मराठी ठरविलेला लेखक घरी कन्नड बोलत असतो, आणि कन्नड ठरविलेल्याची आई जात्यावर मराठी ओव्या म्हणत आलेली असते.

५

अभिमान आणि सत्य यांची गाठ पडली असता लेखकाने कसे वागावे, याचे धडे आपल्याला बाहेरून आणावयास नकोत. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर हे महाराष्ट्रीय विद्वान. राष्ट्रकूटांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. राष्ट्रकूट आपले मूळ ज्या लट्टलूरशी जोडतात ते आजच्या महाराष्ट्रातले लातूर असे मानूनही, त्या घराण्याची मातृभाषा कन्नड होती असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुरावा जिकडे गेला तिकडे ते गेले. उलट बाजूने, धारवाडचे कन्नड संशोधक शं. बा. जोशी यांनी महाराष्ट्राच्या मुळाशी असलेल्या कन्नड थराविषयीचे आपले म्हणणे ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ या ग्रंथात मराठीतच मांडले. ज्यांना ते रुचणार नाही त्यांच्याच घरी, त्यांच्याच भाषेत जाऊन त्यांनी ते सांगितले. ते सगळेच पटावे असे नाही. पण यापेक्षा मोठा शिष्टाचार कोणता? आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात महाराष्ट्राच्या आराध्य दैवताचे दक्षिणी धागेदोरे उलगडून दाखविले, त्यामुळे पंढरीची वारी रोडावली नाही.

या तिघांकडून सामूहिक कोशाला एक कसोटी घेता येईल. लेखकाने आपल्या बाजूला गैरसोयीचा असलेला निदान एक पुरावा स्वतः होऊन नोंदीत घातला आहे काय? मराठी लेखकाने बीदरच्या नोंदीत कन्नड शिलालेखांचे वैपुल्य सांगावे. कन्नड लेखकाने तेथील मराठी संतपरंपरा सांगावी. तटस्थता म्हणजे कोणाचेच काही न बोलणे नव्हे. इंग्रजी विकिपीडियाने सगळ्या लिप्या काढून जी तटस्थता मिळविली ती मुक्याची तटस्थता आहे. सोमेश्वराने मराठी ओवीची नोंद घेऊन दाखविली ती जाणत्याची तटस्थता. कोशाने दुसरीचा मार्ग धरावा.

६

येथपर्यंत आम्ही कोश चालविणाऱ्यांशी बोललो. शेवटी आपल्याशी, म्हणजे शिक्षकांशी आणि साहित्यसंस्थांच्या सभासदांशी बोलले पाहिजे. कारण दोषाचा मोठा वाटा आमच्या मते आपल्याकडे आहे.

या कोशाचा मूळ दंडक असा आहे की, जे अन्यत्र प्रसिद्ध झाले आहे आणि विश्वासार्ह आहे तेच नोंदीत यावे. दंडक रास्त आहे. त्यावाचून कोशाचा बाजार होईल. परंतु त्याचा परिणाम सर्व प्रदेशांवर सारखा होत नाही. पुण्याच्या एका पेठेवर ग्रंथांची रास आहे, तेव्हा त्या पेठेवरील वाक्याला आधार सहज सापडतो. औराद, भालकी, हुमनाबाद, आळंद, अफझलपूर या तालुक्यांतील मराठी जीवनाविषयी किती छापले गेले आहे? आपण सभांतून ठराव केले आणि संमेलनांतून सीमाभागाविषयी कळवळा व्यक्त केला. एकेकाळी बीदर जिल्ह्यातच असलेल्या उदगीरला २०२२ साली पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही सीमाभाग आठवला असेलच. पण ठराव हा संदर्भ होत नाही. त्या शिक्षकांची दोन पाने कोशातून निघाली याचे खरे कारण, ती पाने आपण कधी छापली नव्हती हे आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. साहित्यसंस्थांनी आपल्या नियतकालिकांत सीमाभागातील एकेका गावाविषयी लहान, साधार टिपणे नियमाने छापावीत : शाळेचा इतिहास, जत्रेची रीत, शिलालेखाचे वाचन, मोडी आणि उर्दू कागदांचा सारांश, बोलीतील शब्द. ती लिहिणारा तेथील रहिवासी असावा. शेजारच्या कन्नड अभ्यासकाने ते टिपण तपासावे आणि त्याचा मतभेद त्याच अंकात खाली छापावा. असे टिपण एकदा छापले गेले की कोशातील नवागताच्या हाती आधार येतो, आणि प्रचालकाच्या हाती ते वगळण्याचे कारण उरत नाही. राज्य मराठी विकास संस्थेने मराठी विकिपीडियाच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. तशा कार्यशाळा भालकी-औरादेत कन्नड विकिपीडियाच्या लेखकांसह एकाच खोलीत झाल्या, तर धूळपाटीवर दोन्ही लिप्या शेजारी शेजारी गिरविल्या जातील.

बीदर कोणाचे, हा निवाडा न्यायालय करील अथवा न करील. कोशाने तो करावयाचा नाही. बीदर काय आहे, एवढे कोशाने सांगावयाचे आहे. ते सांगू शकणारी माणसे वयस्कर होत चालली आहेत, आणि त्यांच्याशी दोन शब्द बरे बोलावयास फारसा खर्च येत नाही. पहिली ओळ कोणाची यावर आणखी एक तप घालविले, तर उरलेल्या नोंदीत लिहावयाचे ज्यांना ठाऊक होते ते कोणी उरणार नाहीत.